नकलेचा तास

फळ्यावर दोन डोंगर, मधोमध सूर्य, पायथ्याशी झोपडी. आणि चाळीस वह्यांत तेच! यास चित्रकलेचा तास म्हणावयाचे? न्यायालयात नकलेस मोल असते, कारण तिच्यामागे मूळ दस्तऐवज असतो. येथे मूळच कोठे आहे?

विषय मुलानेच निवडावा म्हटले की शिस्तीची ढाल पुढे केली जाते. परंतु गिजुभाई बधेकांसमवेत भावनगरच्या बालमंदिरात राबलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये घोलवडनजीक बोर्डीस बालशिक्षण आरंभिले, ते मुलांच्या स्वयंप्रेरित उद्योगावरच. शिंपले, बिया, पाने हीच साधने! तेथे शिस्त बुडाली नाही.

देवळाच्या अंगणात रांगोळी घालणाऱ्या मुलीपुढे आपण फळा ठेवीत नाही. मग शाळेतच तो का? सुरतेतील आम्हां पालकांनी हा प्रश्न मुख्याध्यापकांस विचारलाच पाहिजे.