टर्बो, पनवेल आणि आपली अभिजात मराठी

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि पाठोपाठ परिसंवादांचा पूर आला. त्या पुरात एक जुना शब्द पुन्हा पुन्हा वर येताना दिसतो: ‘यंत्रयुग’. साठेक वर्षे आपण तो वापरत आहोत. यंत्रयुगातील मानव, यंत्रयुगाची संवेदना, यंत्रयुगाचे आव्हान. हा शब्द उच्चारणाऱ्या किती समीक्षकांनी एखादे यंत्र उघडलेले पाहिले आहे, असा प्रश्न विचारणे असभ्यपणाचे ठरेल, तरीही विचारतो. कारण मराठी समीक्षेतले यंत्र नेहमी एकवचनी असते. त्याला नाव नसते, मापे नसतात, ते कधी बिघडत नाही आणि म्हणून कोणी ते दुरुस्तही करत नाही. ते फक्त माणसाला चिरडते. मर्ढेकरांनी यंत्राच्या प्रतिमा घेतल्या त्या निदान डोळे उघडे ठेवून. त्यांच्यावर पोसलेल्या समीक्षेने मात्र डोळे मिटून ‘यंत्र म्हणजे अमानुषता’ हे समीकरण पाठ केले आणि विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतले.

या समीकरणाविरुद्ध मला पनवेल उभे करायचे आहे. पनवेल हे काही कोणी ‘वाङ्मयीन केंद्र’ म्हणणार नाही. पण १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला तेव्हापासून मुंबई-पुणे वाहतुकीचा भार हे गाव वाहत आले आहे. बैलगाडीची चाके बनवण्याच्या इथल्या धंद्याची दखल ब्रिटिशकालीन गॅझेटिअरांनी घेतली आहे. पुढे बैलगाड्या गेल्या, ट्रक आले, कळंबोलीला पोलादबाजार वसला, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. चाकाला धाव चढवणाऱ्या हातांच्या जागी क्रँक घासणारे हात आले. कोणत्याही गावाला अभिमानाने सांगता यावी अशी ही परंपरा आहे. आपण ती ‘परिसर’ या सदरात ढकलतो.

अशाच एका गॅरेजात स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचे इंजिन उतरवलेले मी पाहिले आहे. ही गाडी भारतात २००४ मध्ये आली. १.८ लिटर, चार सिलिंडर, वीस व्हॉल्व्ह, टर्बो, दीडशे अश्वशक्ती. त्या काळी ही ताकद इथल्या रस्त्यांवर दुर्मीळ होती, म्हणून आजही या गाडीचे भक्त आहेत. जे संपले म्हणून कंपनीने मनातून काढून टाकले, ते हे लोक पुन्हा बांधतात. आणि ‘बांधणे’ हेच क्रियापद ते वापरतात. इंजिन दुरुस्त होत नाही, बांधले जाते. घर बांधतात, पोथी बांधतात, तसे.

टर्बो म्हणजे काय ते साहित्याच्या प्राध्यापकाला ठाऊक नसेल तर त्यात लाज नाही. समजून घेण्याची इच्छा नसण्यात आहे. इंजिनातून बाहेर फेकला जाणारा तप्त वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक जाळता येते, म्हणून ताकद अधिक. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये याचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुरातून शक्ती काढण्याची ही युक्ती आहे; पण तिची किंमत मोजावी लागते. तो दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. घाट चढून आल्याबरोबर गाडी बंद केली की फिरणारे तेल थांबते आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये जळून त्याचा कोळसा होतो. तेलाच्या जाळीत गाळ साचला तर आधी टर्बो जातो, मग क्रँकची बेअरिंगे. ‘तेल वेळेवर बदललं असतं तर हे झालंच नसतं’, हे वाक्य मिस्त्री ज्या स्वरात उच्चारतो त्यात निदान आणि नैतिक निर्णय एकत्र असतात.

आता पिस्टनच्या रिंगेकडे पाहा. रिंग पूर्ण वर्तुळ नसते; तिच्या दोन टोकांत फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर ती पसरते. टर्बो इंजिन जास्त तापते, म्हणून फट जास्त. दाब वाढवायचा असेल तर त्याहून जास्त. ८१ मिलीमीटरच्या सिलिंडरमध्ये हा हिशेब साधारण ०.४ मिलीमीटरच्या आसपास चालतो. फट कमी पडली तर टोके एकमेकांवर आदळतात, रिंग अडकते, पिस्टनचा कडा तुटतो. फार झाली तर दाब खाली गळतो आणि इंजिन तेल पिऊ लागते. म्हणून एकेक रिंग सिलिंडरमध्ये बसवायची, फीलर गेजने मोजायची, बाहेर काढून कानशीचे दोन हात मारायचे, पुन्हा बसवायची. चार सिलिंडर, प्रत्येकी दाबाच्या दोन रिंगा. कोणी शेजारी बोलत असेल तर मिस्त्री त्याला गप्प करतो. या एकाग्रतेला आपण संशोधनात ‘पाठचिकित्सा’ म्हणतो आणि तिच्यासाठी पीएच.डी. देतो.

तुलना ओढूनताणून केलेली नाही. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. साचलेला गाळ काढायचा, मूळ मापे शोधायची, आपली भर घालायची नाही. इंजिनाची पुनर्बांधणी हेच करते: कारखान्याने ठरवलेल्या मापांकडे परतणे. ताकदवाढ ही वेगळी गोष्ट. तिथे मोठा टर्बो, घडीव पिस्टन, जाड कनेक्टिंग रॉड, मोठा इंटरकूलर येतो आणि संगणकातले इंधन-प्रज्वलनाचे तक्ते नव्याने लिहिले जातात. ही टीका आहे, भाष्य आहे, कधी कधी प्रक्षेपही. चांगला मिस्त्री हा भेद जाणतो आणि गिऱ्हाइकाला विचारतो, ‘होती तशी हवी, की वाढवायची?’ आमच्या कित्येक संपादकांनी हा प्रश्न स्वतःला कधी विचारलेला नाही.

भाषेविषयी. शुद्धतावादी मंडळी गॅरेजातली नामे मोजतात आणि हताश होतात: पिस्टन, ब्लॉक, हेड, गॅस्केट, सगळे इंग्रजी. त्यांनी क्रियापदे मोजावीत. रिंग बसते, क्रँक घासतात, इंजिन उतरवतात, गाडी ओढते, तेल पिते, धूर सोडते, टर्बो शिट्टी मारतो. भाषेचा प्राण क्रियापदात असतो आणि तो इथे शाबूत आहे. (पनवेलच्या गॅरेजात अर्धे बोलणे हिंदीत चालते हे खरे, त्याने बिघडत काही नाही.) मराठी विश्वकोशाने ‘अंतर्ज्वलन-एंजिन’ अशी नोंद केली, ती आदराने वाचावी अशीच आहे. पण कोशाने नामे घडवली. वाक्ये घडवण्याचे काम साहित्याचे होते, आणि साहित्य यंत्रयुगाबद्दल विव्हळत बसले. २०२१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीतून देण्याची सोय झाली आहे. त्या मुलांनी कोणत्या गद्याकडे पाहून लिहायचे?

यामागचे कारण मला भाषिक वाटत नाही, सामाजिक वाटते. त्रिं. ना. आत्र्यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’त सुतार-लोहारांची व्यवस्था नोंदवली, पण सुताराला चाकाविषयी काय कळते, हे सुताराने लिहिले नाही. हाताने जाणणारे आणि लेखणीने लिहिणारे यांच्यात जातीची भिंत होती. नारायण सुर्वे आणि नामदेव ढसाळ यांनी ती भिंत एका बाजूने फोडली. ढसाळ स्वतः टॅक्सी चालवत. तरीही आपल्या समीक्षेने कामगाराला आत घेतले ते दुःखाच्या परवान्यावर. तो भोगतो म्हणून साहित्यात येतो. तो जाणतो म्हणून येत नाही. रॉबर्ट पर्सिगने १९७४ मध्ये मोटारसायकलच्या देखभालीवर तत्त्वचिंतन उभे केले, ते आपण आवडीने वाचतो आणि वर्गात उद्धृत करतो. तेच कळंबोलीतल्या माणसाने मराठीत सांगितले तर आपण ते ‘ग्रामीण-श्रमिक अनुभवविश्व’ या कप्प्यात टाकू.

आक्षेप येणार: हा श्रीमंतांचा छंद आहे, आणि बेकायदा आहे. दुसऱ्या भागात तथ्य आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले, आणि घाटात शर्यत लावणाऱ्याची वकिली मी करणार नाही. वाढवलेली ताकद बंदिस्त धावपट्टीवरच शोभते. परंतु पुनर्बांधणी बेकायदा नाही. उलट ‘दुरुस्त करू नका, नवे घ्या’ या व्यापारी धर्माविरुद्ध ती उभी आहे. केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडले, त्यात वाहने येतात. राहिला श्रीमंतांचा मुद्दा. गाडी श्रीमंताची असते, ज्ञान मिस्त्रीचे. राजाश्रयाखालच्या काव्याला आपण हा आक्षेप घेत नाही.

माझी मागणी लहान आहे. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी पुढच्या ‘यंत्रयुग’ परिसंवादाचे बीजभाषण पनवेलच्या एखाद्या इंजिन बांधणाऱ्याला द्यावे. मानधन आपल्याइतकेच. टेबलावर एक उघडा ब्लॉक ठेवावा. तो रिंगेची फट कशी ठरवतो हे त्याने सांगावे, विद्यार्थ्यांनी शब्दशः उतरवून घ्यावे, आणि ते विभागाच्या नियतकालिकात लेख म्हणून, त्याच्या नावाने छापावे. अट एकच: कार्यक्रमपत्रिकेत त्याच्या नावापुढे ‘अनुभवकथन’ असे लिहू नये.