पडद्यावरचा इतिहास

अंबरनाथचे प्राचीन शिवालय पांडवांनी एका रात्रीत, एका अखंड शिळेतून घडविले, असे त्या परिसरात पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. कथा मोठी रम्य आहे. परंतु त्याच मंदिरातील शिलालेख निराळी हकीकत सांगतो. त्यात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचा काळ नोंदलेला असून शिलाहार वंशातील मम्वाणी राजाचे नाव आहे. पांडवांची कथा ऐकताना मन रमते हे खरे. पण शिलालेख वाचला, म्हणजे सुमारे साडेनऊशे वर्षांपूर्वी वालधुनीच्या काठी छिन्नी-हातोडा घेऊन राबलेले पाथरवट डोळ्यांपुढे उभे राहतात. त्यांनी काळ्या पाषाणातून देवता, नर्तकी आणि वेलबुट्टी कोरली. एका रात्रीच्या चमत्कारात या कारागिरांना जागाच उरत नाही. गोड कथेने, नकळत का होईना, खऱ्या कष्टकऱ्यांचे श्रेय हिरावून घेतलेले असते.

अंबरनाथच्या पुढचे स्थानक बदलापूर. येथे मराठ्यांच्या फौजा घोडे बदलीत, म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असू शकेल. तथापि केवळ नावाचा उच्चार जुळतो, एवढा पुरावा इतिहासाला पुरत नाही. आख्यायिका आख्यायिका म्हणून सांगावी आणि शिलालेख शिलालेख म्हणून वाचावा. दोहोंत गल्लत झाली नाही, तर दोहोंचाही आनंद घेता येतो.

पूर्वी अशा कथा कीर्तनातून, पोवाड्यातून आणि आजीच्या तोंडून कानी पडत. आज त्या चित्रपटातून येतात. ऐकलेली गोष्ट माणूस आपल्या कल्पनेने रंगवितो. पडद्यावर मात्र वेष, चेहरा, आवाज, रणांगण सारे तयार असते. डोळ्यांनी पाहिलेले खोटे कसे असेल, असे मनाला वाटते. ज्याने इतिहासाचा एकही ग्रंथ उघडलेला नाही, त्याच्या लेखी तोच पट इतिहासाचा ग्रंथ होऊन बसतो. म्हणूनच ऐतिहासिक चित्रपटाने सत्याशी किती इमान राखावे, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

या बाबतीत चित्रपटकारांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. इतिहासाची साधने त्रोटक असतात. लढाई कोणत्या दिवशी झाली, कोण पडले, कोणता किल्ला कोणाच्या हाती आला, एवढे शकावलीत लिहिलेले असते. घरातून निघताना वीर आपल्या आईशी काय बोलला, हे तेथे कोणी टिपून ठेवलेले नसते. चित्रपटाला तर बोलणारी, हसणारी, रडणारी माणसे हवीत. तेव्हा संवाद रचावे लागतात, मोकळ्या जागा भराव्या लागतात, दहा वर्षांचा काळ अडीच तासांत बसवावा लागतो. शिवाय, तारखांची जंत्री वाचून जे मूल इतिहासाला कंटाळते, तेच मूल चित्रपट पाहून आल्यावर गड पाहण्याचा हट्ट धरते. ही चित्रपटाची मोठीच कामगिरी होय. करमणूक हा काही गुन्हा नव्हे.

परंतु रिकामी जागा भरणे वेगळे आणि लिहिलेले पुसून टाकणे वेगळे. पहिल्यास कल्पना म्हणतात, दुसऱ्यास खोटेपणा. सिंहगडाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा जिंकताना प्राण वेचले. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत, तानाजी पाचशे मावळ्यांनिशी रात्री वानरांसारखा कडा चढून गेल्याचे वर्णन आहे. तेथे घोरपड नाही. पुढे तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात घोरपड आली आणि ती लोकांच्या मनात कायमची चिकटून बसली. विसाव्या शतकाच्या आरंभी हरि नारायण आपटे यांनी या प्रसंगावर ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली. त्या कादंबरीच्या आधारे बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, आणि १९३३ मध्ये प्रभात कंपनीचा बोलपट आला. २०२० साली तीच कथा ‘तान्हाजी’ या हिंदी चित्रपटाच्या रूपाने देशभर पाहिली गेली. त्यात राजगडाचा वेध घेणारी एक प्रचंड तोफही होती. ओढ्याला वाटेत नाले मिळत जावेत, तशी ही कथा प्रत्येक पिढीत फुगत गेली.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडले ते असे. तानाजीच्या मृत्यूनंतर कोंढाण्याला सिंहगड हे नाव मिळाले, असे आजही अनेक जण मानतात. वस्तुतः शिवाजी महाराजांच्या १६६३ सालच्या पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आढळते. म्हणजे लढाईपूर्वी सात वर्षे ते रूढ होते. हे कळल्याने तानाजीचे मोठेपण तिळभरही उणे होत नाही. उलट सभासदाची बखर सांगते की, तानाजी पडल्याची वार्ता ऐकून महाराजांनी त्याला गडाचीच उपमा दिली; एक गड मिळाला, पण त्यापायी दुसरा गमावला, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. ज्या राजाने डोंगरी किल्ल्यांच्या बळावर राज्य उभारले, त्याने एका माणसाला किल्ल्याच्या तोलाचा मानावे, याहून मोठा गौरव कोणता? जुन्या बखरीतील हा साधा उद्गार पडद्यावरच्या शंभर तोफांपेक्षा अधिक गर्जतो.

गडाचा किल्लेदार उदेभान राठोड याचाही येथे विचार केला पाहिजे. तो शूर रजपूत होता. आपल्या धन्याचे काम करताना तोही त्याच रात्री लढून पडला. चित्रपटात शत्रूला क्रूर राक्षस बनविणे सोपे असते. प्रेक्षक टाळ्या पिटतात. पण प्रतिपक्षाला विकृत करून दाखविल्याने नायक मोठा होत नाही. दुबळ्या वा नीच शत्रूला जिंकण्यात पराक्रम तो कसला? उदेभानाचे शौर्य मान्य केले, म्हणजेच तानाजीच्या शौर्याचे खरे माप कळते. शिवाय मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याविषयी बोलताना अधिक जपून बोलावे, हा सभ्यतेचा साधा नियम आहे.

उल्हासनगरच्या शेजारी असलेल्या कल्याणची कथा तर याहून प्रसिद्ध आहे. १६५७ साली कल्याण-भिवंडीचा प्रांत स्वराज्यात आला. त्या वेळी सुभेदाराची सून महाराजांपुढे आणली गेली आणि महाराजांनी तिला मातेसमान मानून सन्मानाने परत पाठविले, हा प्रसंग नाटकांतून आणि चित्रांतून घरोघरी पोहोचला आहे. समकालीन साधनांत मात्र त्याला आधार सापडत नाही. मग महाराजांचा तो सद्गुणही काल्पनिक ठरतो काय? मुळीच नाही. खाफीखान हा मोगलांच्या पक्षाचा इतिहासकार. महाराजांविषयी त्याने कठोर शब्द वापरले आहेत. तरीही, लुटीच्या वेळी स्त्रियांना, मशिदींना व कुराणाला उपद्रव देऊ नये असा शिवाजीचा सक्त नियम होता, हे त्याने लिहून ठेवले. मित्राने केलेल्या स्तुतीपेक्षा शत्रूने दिलेली साक्ष लाखमोलाची असते. ही साक्ष हाताशी असताना निराधार प्रसंगावर विसंबण्याचे कारणच काय? कोणी उद्या तो प्रसंग खोटा ठरविला, तर ऐकणाऱ्याला सद्गुणाविषयीच शंका येईल. कच्च्या खांबावर पक्के छप्पर ठेवण्याचा हा प्रकार आहे.

हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाही. जपानमध्ये सामुराई नावाचा योद्ध्यांचा वर्ग होता. त्यांच्यावर जगभर चित्रपट निघाले. २००३ साली निघालेल्या ‘द लास्ट सामुराई’ या अमेरिकन चित्रपटात, बंदुका तुच्छ मानणारे सामुराई तलवारी व धनुष्यबाण घेऊन आधुनिक फौजेवर तुटून पडतात. दृश्य डोळे दिपविणारे आहे. या कथेला १८७७ सालच्या सात्सुमा येथील बंडाचा आधार आहे. त्या बंडाचा नेता साइगो ताकामोरी याच्या सैनिकांजवळ प्रत्यक्षात बंदुकाही होत्या आणि तोफाही होत्या. जुने जग विरुद्ध नवे जग असा देखावा सजविण्यासाठी चित्रपटाने त्यांच्या हातातील बंदुका काढून घेतल्या.

याउलट अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाचा १९५४ सालचा ‘सेव्हन सामुराई’ पाहावा. दरोडेखोरांनी गांजलेले शेतकरी सात सामुराईंना आपल्या रक्षणासाठी आणतात, ही कथा सर्वस्वी काल्पनिक आहे. त्यात एकाही ऐतिहासिक पुरुषाचे नाव घेतलेले नाही. तरी सोळाव्या शतकातील जपानचे दैन्य, शेतकऱ्यांची भीती, चिखलातील झटापट त्यात जिवंत झाली आहे. या सातांपैकी चार जण कामी येतात आणि ते चौघेही बंदुकीच्या गोळीने मरतात. १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर बंदूक जपानात पोहोचली आणि तलवारीचे युग मावळू लागले, ही ऐतिहासिक घटना कुरोसावाने एका शब्दाचेही व्याख्यान न देता दाखविली. सत्यकथेचा आधार घेणारा चित्रपट सत्यापासून ढळला आणि कल्पित कथा सांगणारा सत्याजवळ गेला, हे किती विलक्षण आहे!

यातून चित्रपटकाराला एक मार्ग सापडतो. कल्पनेला मोकळे रान हवे असेल, तर पात्रेही कल्पित घ्यावीत. परंतु एकदा का शिवाजी, संभाजी, बाजीराव अशी नावे घेतली, की त्या नावांबरोबर येणारी जबाबदारीही उचलावी. २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’ या चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नृत्य करताना दाखविल्या, तेव्हा अनेकांनी नापसंती दर्शविली. २०२५ साली ‘छावा’ चित्रपटातील लेझीम नृत्यावर आक्षेप आला आणि प्रदर्शनापूर्वीच दिग्दर्शकाने ते दृश्य वगळले. मात्र असे आक्षेप घेणाऱ्यांवरही एक बंधन आहे. आक्षेपाला कागदपत्रांचा आधार असावा, रागाचा नव्हे. इतिहासाचा कैवार घेऊन चित्रपटगृहात धुडगूस घालणे ही इतिहासाची सेवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुने दप्तर शोधीत हिंडले आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. खरी सेवा ती. अशा श्रमांतून हाती आलेले कागद चित्रपटकारानेही पाहावेत आणि प्रेक्षकानेही.

चित्रपटाच्या आरंभी ‘यातील काही प्रसंग काल्पनिक आहेत’ अशी सूचना क्षणभर झळकते. ती वाचून होण्याआधीच नाहीशी होते आणि पुढे अडीच तास सारे खरेच म्हणून समोर येत राहते. ही सूचना कायद्यासाठी पुरेशी असेल, विवेकासाठी नाही. कोणते प्रसंग काल्पनिक, हे शेवटी चार ओळींत स्वच्छ सांगितले, तर करमणुकीत काडीचाही उणेपणा येणार नाही.

या साऱ्याचे मोल उल्हासनगरच्या मुलांना विशेष कळण्यासारखे आहे. १९४७ च्या फाळणीत सिंधमधील असंख्य कुटुंबे घरदार सोडून निघाली आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत येऊन राहिली. १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आजही तेथील वस्त्या ‘कॅम्प’ आणि त्याचा क्रमांक यांनी ओळखल्या जातात. अनेक घरांत पणजोबांच्या त्या प्रवासाच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. उद्या एखाद्या चित्रपटाने त्या निर्वासितांना भित्रे दाखविले, अथवा त्यांच्या दुःखाच्या जागी टाळ्या मिळविणारी खोटी मारामारी घातली, तर त्या पणतवंडांना काय वाटेल? ‘आमची माणसे अशी नव्हती,’ असे ती कळवळून म्हणतील. त्यांचे म्हणणे रास्तच असेल. मग साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांसाठी असे म्हणणारे कोणी उरले नाही, म्हणून त्यांच्याविषयी वाटेल ते दाखवावे काय?

म्हणून ऐतिहासिक चित्रपट अवश्य पाहावा. त्यातील शौर्याने उर भरून यावा, करुणेने डोळे पाणवावेत. मात्र चित्रपटगृहाबाहेर पडल्यावर एक प्रश्न मनाशी जरूर विचारावा: हे कशावरून? या दोन शब्दांनी करमणुकीचा रस आटत नाही, उलट नवा शोध सुरू होतो. मग कोणी गुरुजींना गाठतो, कोणी ग्रंथालयात जातो, कोणी प्रत्यक्ष गडाची वाट धरतो. पूर्वजांना देव बनवून मखरात बसविणे सोपे आहे. ती हाडामांसाची माणसे होती, भय आणि थकवा त्यांनाही ठाऊक होता, आणि तरीही ती अंधाऱ्या रात्री तो कडा चढून गेली, हे जाणणे कठीण आहे. जो हे जाणतो, त्यालाच त्यांच्यापासून काही शिकता येते.