सागरतळींचीं जहाजें

समुद्रयान हें कलिवर्ज्य ठरलेलें. त्यामुळें आमच्या पणजोबांच्या पिढींत विलायतेस जाऊन आलेल्या गृहस्थास प्रायश्चित्त घेतल्यावांचून पंक्तींत पाट मिळत नसे. त्या काळचा वाद समुद्रावरून जाण्याचा होता. समुद्राच्या तळाशीं जावें कीं न जावें, हा प्रश्न कोणाही निबंधकारास सुचला नसावा. आमच्या घरीं मात्र तो गेल्या चैत्रांत उपस्थित झाला.

आमच्या ज्येष्ठ बंधूंची नात स्कॉटलंडांत अबर्डीन येथें उच्च शिक्षण घेत आहे. तिनें लिहिलें कीं, आम्ही दहा विद्यार्थी मे महिन्यांत एक आठवडा नौका भाड्यानें घेऊन ऑर्कनी बेटांकडे जाणार आहोंत. तेथें समुद्रांत बुडालेलीं जुनीं जर्मन लढाऊ जहाजें आहेत, तीं पाण्याखालीं उतरून पाहावयाचीं आहेत. तरी वडील मंडळींची संमति असावी. मुलगी सज्ञान, खर्च तिच्या शिष्यवृत्तींतला. न विचारतां गेली असती तरी तिला अडविणारें कोणी नव्हतें. तरीही तिनें विचारलें, ह्याचें आम्हांस मोल वाटलें; आणि विचारलें म्हणून विचारपूर्वक उत्तर देण्याचें दायित्वही आमच्यावर आलें. वहिनींनीं आपला निकाल तत्काळ दिला. "भावजी, जिथें माणसें बुडून मेलीं तिथें खेळायला कशाला जायचें? तुम्हीच तिला लिहा." ह्या एका वाक्यांत दोन आक्षेप आहेत: एक जिवाच्या भीतीचा व दुसरा मृतांच्या अप्रतिष्ठेचा. दोन्ही आक्षेप आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं उद्यां निघणारे आहेत. कारण मुलें आतां दूरदेशीं जातात, आणि त्यांचे खेळ आपल्या अंगणांतले राहिलेले नाहींत. म्हणून महिनाभर ह्या विषयाचें जें वाचन आम्हीं केलें, तें येथें सादर करीत आहोंत.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी हा बेटांचा पुंजका आहे. त्यांतील कांहीं बेटांनीं मिळून समुद्राचा एक मोठा तुकडा चोहोंकडून कवेंत घेतल्यासारखा दिसतो; त्याचें नांव स्कापा फ्लो. दोन्ही महायुद्धांत इंग्रजांच्या आरमाराचा मुख्य तळ येथें होता. पहिलें महायुद्ध १९१८ च्या नोव्हेंबरांत थांबलें, तेव्हां जर्मनीच्या आरमारांतील चौऱ्याहत्तर जहाजें येथें आणून नजरकैदेंत ठेवण्यांत आलीं. त्यांवर थोडे जर्मन खलाशी ठेवलेले होते. त्यांना किनाऱ्यावर उतरण्याची मुभा नव्हती. सात महिने असे गेले. तहाच्या वाटाघाटी संपत आल्या, आणि आपलीं जहाजें आतां शत्रूच्या हातीं पडणार, अशी जर्मन नौसेनापति फॉन रॉइटर ह्यांची खात्री झाली. २१ जून १९१९ रोजीं सकाळीं पहाऱ्यावरील इंग्रज जहाजें कवायतीसाठीं बाहेर गेलेलीं पाहून त्यांनीं ठरलेली खूण दिली. लागलीच प्रत्येक जहाजाच्या तळाच्या झडपा उघडण्यांत आल्या आणि पाणी आंत शिरूं लागलें. सायंकाळपर्यंत बावन्न जहाजें तळाशीं गेलीं.

आम्हां शिक्षकाच्या मनांत ह्या वृत्तांतांतील दुसरीच एक गोष्ट घर करून बसली आहे. नेमक्या त्याच दिवशीं स्ट्रॉमनेस गांवच्या शाळेचीं मुलें ‘फ्लाइंग केस्ट्रेल’ नांवाच्या लहान आगबोटींतून तें जर्मन आरमार पाहण्यास सहलीला निघालीं होतीं. पर्वतप्राय जहाजें एकामागून एक कलंडत आहेत, कांहीं उलटीं होऊन त्यांचे लाल तळ वर येत आहेत, खलाशी होड्यांत उड्या घेत आहेत, हें त्या पोरांनीं डोळ्यांनीं पाहिलें. सहलीस मुलें नेण्याचें काम आम्हीं पुष्कळ वर्षें केलें आहे. बोटीवर त्या वेळीं जे गुरुजी असतील, त्यांच्या पोटांत काय कालवलें असेल, हें आम्हीच जाणों.

पुढें १९२४ पासून अर्नेस्ट कॉक्स नांवाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्यानें हीं जहाजें वर काढण्याचा उद्योग आरंभिला. बुडालेलें जहाज उचलण्याचा त्यास पूर्वानुभव शून्य. तरी प्रथम लहान विनाशिका, मागून प्रचंड युद्धनौका, अशीं तीसच्या वर जहाजें त्यानें वर आणिलीं. उलट्या पडलेल्या जहाजाच्या पोटांत दाबानें हवा भरावयाची, त्या हवेंत माणसें उतरवून भोकें बुजवावयाचीं, आणि जहाज फुग्यासारखें वर तरंगवावयाचें, अशी ती कृति होती. कॉक्सनंतर इतरांनींही तें काम चालविलें. आज तळाशीं मोठीं जहाजें सातच उरलीं आहेत: ‘क्योनिग’, ‘क्रोनप्रिन्झ विल्हेल्म’ व ‘मार्कग्राफ’ ह्या तीन युद्धनौका आणि चार हलक्या क्रूझर. २००१ पासून तीं कायद्यानें संरक्षित स्मारकें आहेत. तेथें पाहावयास जातां येतें, परंतु तेथील वस्तु उचलून आणणें हा अपराध आहे.

आतां जिवाच्या भीतीचा आक्षेप. तो खोटा नाहीं. पाण्याखालीं दर दहा मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. पस्तीस मीटरांवर, म्हणजे जेथें ह्या जहाजांचीं अंगें पसरलीं आहेत तेथें, तो पृष्ठभागाच्या साडेचार पट होतो. पाठीवरच्या टाकींतली जी हवा वर एक तास पुरती, तीच तेथें तेराचौदा मिनिटांत सरते. दाबाखालीं श्वासावाटे घेतलेल्या हवेंतला नत्रवायु रक्तांत व मांसांत मुरत जातो. मनुष्य घाईनें वर आला तर, सोड्याच्या बाटलीचें बूच काढल्यावर व्हावें तसे, त्या वायूचे बुडबुडे अंगांतच सुटतात. सांधे आखडतात, पाय लुळे पडतात, प्रसंगीं प्राणही जातो. शिवाय, श्वास कोंडून वर येणाऱ्याचीं फुप्फुसें हवा फुगल्यानें फाटतात, तें वेगळेंच.

ह्या रोगाचें गणित ज्यानें प्रथम नीट मांडलें, तो पुरुषही स्कॉटलंडचाच. जॉन स्कॉट हाल्डेन हे १८६० साली एडिंबरोस जन्मले. त्यांनीं बकऱ्यांना पोलादी कोठडींत दाबाखालीं ठेवून सिद्ध केलें कीं, दाब निम्म्यावर आणिला तरी सहसा अपाय होत नाहीं. म्हणून पाणबुड्यानें एकदम वर न येतां टप्प्याटप्प्यानें, मध्यें थांबत थांबत यावें. त्यांचीं कोष्टकें १९०८ सालीं प्रसिद्ध झालीं. आज सुधारलेलीं कोष्टकें आहेत, मनगटावर बांधावयाचे गणकयंत्र आहे. पण टप्प्यांनीं वर येण्याचें तत्त्व तेंच.

वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें तें पुढील गोष्टीकडे. १९०६ सालीं हाल्डेन ह्यांनीं स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रत्यक्ष समुद्रांत ही परीक्षा घेतली, तेव्हां त्यांनीं आपल्या तेरा वर्षांच्या मुलासही पाणबुड्याचा पोशाख चढवून खालीं सोडलें. पोशाख मोठ्या माणसाचा, मनगटाशीं सैल. आंत पाणी शिरून तें मुलाच्या छातीपर्यंत चढलें. परंतु मुलानें धीर न सोडतां शिकविल्याप्रमाणें हवेची कळ फिरविली, आणि सुखरूप वर आला. बापाच्या ह्या कृत्यास आम्ही शहाणपण म्हणणार नाहीं. मापाचा पोशाख नसतां पोरास पाण्यांत सोडणें हा अविचारच. परंतु आपण दिलेल्या शिक्षणावर आपल्याच मुलाचा जीव ठेवण्याइतका विश्वास त्या गृहस्थाचा होता, हेंही नाकारतां येत नाहीं. हाच मुलगा पुढें जे. बी. एस. हाल्डेन ह्या नांवानें जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ झाला. दुसऱ्या महायुद्धांत पाणबुड्यांसाठीं त्यानें दाबाचे प्रयोग स्वतःच्या देहावर केले, त्यांत मणक्यास इजा करून घेतली. आणि १९५७ सालीं तो आपल्या देशांत राहावयास आला, धोतर-कुडता वापरूं लागला, भारताचा नागरिक झाला व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारला.

ह्या वाचनानंतर आमचें मत बनत गेलें तें असें. हा खेळ धाडसाचा म्हणून वर्णिला जातो. पण धाडसी मनुष्य तेथें निरुपयोगी आहे. तेथें पाहिजे तो मोजणारा, ठरल्या वेळीं परत फिरणारा आणि जोडीदारास डोळ्यांआड न करणारा. म्हणून आम्हीं नातीस उलट पत्रीं विचारलें: तूं कोठें शिकलीस? तुझ्याबरोबर पाण्यांत जोडीनें कोण उतरणार? आणि जहाजाच्या आंत शिरणार कीं बाहेरूनच पाहणार? तिचें उत्तर स्पष्ट आलें. पहिले धडे तिनें मालवणजवळ तारकर्लीस घेतले होते. तिकडे गेल्यावर थंड पाण्याचें शिक्षण निराळें घेतलें. कारण तारकर्लीच्या कोमट पाण्यांत उतरणें आणि मे महिन्यांत नऊदहा अंशांच्या पाण्यांत उतरणें ह्यांत मोठें अंतर आहे. तेथें अंगास पाणी लागूं न देणारा कोरडा पोशाख घालावा लागतो, व आंत लोंकरीचीं वस्त्रें. जहाजांच्या पोटांत शिरण्याचें शिक्षण आपणास नाहीं, म्हणून शिरणार नाहीं, असें तिनें लिहिलें. हें वाक्य वाचून आम्हीं संमति दिली. वहिनींचा दुसरा आक्षेप शिल्लक होता. तो पुढें येतो.

प्रवासाचें वर्णन तिनें सविस्तर पाठविलें आहे. मुख्य भूमीवरील स्क्रॅबस्टर बंदराहून स्ट्रॉमनेसला आगबोट जाते. वाटेंत होय बेटाच्या कड्याजवळ समुद्रांतून एकटाच उभा राहिलेला एक उंच दगडी सुळका दिसतो, त्यास तिकडे ‘होयचा म्हातारा’ म्हणतात. संघाची नौका म्हणजे पूर्वीचें मासेमारीचें गलबत. आंत निजण्याच्या फळ्या, स्वयंपाकघर, टाक्यांत हवा भरण्याचें यंत्र, आणि डेकाच्या कडेस पाण्यांतून माणसास वर उचलून घेणारा पाळणा. नौकेचा तांडेल वयस्क, मितभाषी. सकाळीं तो पाण्याकडे, वाऱ्याकडे पाहून आज कोठें जावयाचें तें सांगे, आणि त्यावर वाद नसे. बुडालेल्या जहाजास बांधलेला दोर वर बोयाला अडकविलेला असतो. त्या दोरानें दोघादोघांनीं उतरावयाचें. किनाऱ्यावरील शाळेंत हजेरी घेतात तशी हजेरी येथें कागदावर होते: कोण, कोणाबरोबर, किती वाजतां उतरला, टाकींत हवा किती, किती वाजतां वर आला. एक नांव अपुरें राहिलें तरी नौका जागची हलत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं ‘कार्लस्रूए’ ह्या क्रूझरवर प्रसंग ओढवला. वीस मीटरांच्या सुमारास नातीच्या जोडीदारणीचें श्वासयंत्र थंडीनें गोठून उघडेंच राहिलें व टाकींतली हवा भसाभस वाहूं लागली. अशी टाकी कांहीं मिनिटांत रिकामी होते. नातीनें आपल्या टाकीची दुसरी नळी तिच्या तोंडाशीं दिली, तिच्या पोशाखाचा पट्टा घट्ट धरिला, आणि दोघी दोरावरून हळूहळू वर आल्या. पांच मीटरांवर तीन मिनिटें थांबण्याचा नियम असतो. हवा पुरेशी असल्यामुळें त्या तेथेंही थांबल्या. "आजोबा, तीं तीन मिनिटें फार लांब वाटलीं, वर उजेड दिसत होता आणि जातां येत नव्हतें," असें ती लिहिते. ऋग्वेदांतील भुज्यु हा समुद्रांत बुडत असतां अश्विनांनीं शंभर वल्ह्यांच्या नौकेनें त्यास तारिलें, ही कथा आम्हीं वर्गांत पुष्कळदां सांगितली आहे. त्या मुलींना तारणारी शंभर वल्ह्यांची नौका म्हणजे हातभर रबराची एक नळी होती. तो दिवस दोघींनीं नौकेवरच काढिला. तांडेलानें गरम सूप दिलें आणि एक अक्षर बोलला नाहीं.

पुढील दिवसांत तिनें ‘ब्रुमर’ व ‘क्यॉल्न’ पाहिल्या. क्रूझर कुशीवर पडल्या आहेत. मोठ्या युद्धनौका उलट्या. हिरव्या अंधुक पाण्यांत प्रथम कांहींच दिसत नाहीं. मग जी भिंत वाटते ती जहाजाची डेक असते, आणि तिच्यांतून बाहेर आलेली तोफ शेवाळानें, शिंपल्यांनीं मढलेली. आतां वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर. ह्या जहाजांत कोणी बुडून मेलेलें नाहीं. बुडण्यापूर्वीं खलाशी होड्यांत उतरले होते. त्या दिवशीं नऊ जर्मन मारले गेले, ते इंग्रजांच्या गोळीबारानें. त्यांना तेथेंच होय बेटावर, लायनेस येथील दफनभूमींत पुरलें आहे.

ज्या जहाजांत माणसें गेलीं तीं निराळीं, आणि तेथें उतरण्यास बंदी आहे. ५ जून १९१६ रोजीं ऑर्कनीच्या पश्चिमेस सुरुंगावर आदळून ‘हॅम्पशायर’ बुडालें. त्यावर, १९०२ ते १९०९ पर्यंत हिंदुस्थानचे सरसेनापति असलेले लॉर्ड किचनेर होते. वांचले ते बाराच जण. ९ जुलै १९१७ च्या रात्रीं ‘व्हॅन्गार्ड’ स्वतःच्या दारूगोळ्याच्या स्फोटानें फुटलें. आणि १४ ऑक्टोबर १९३९ रोजीं ‘रॉयल ओक’ ह्या नांगरून उभ्या असलेल्या युद्धनौकेस जर्मन पाणबुडीनें टॉर्पेडोनें बुडविलें. आठशें पस्तीस माणसें गेलीं, त्यांत सोळासतरा वर्षांचीं पोरें शंभरावर होतीं. त्या ठिकाणीं आरमाराचे पाणबुडे मात्र वर्षांतून एकदां उतरतात. जुना ध्वज काढून नवा लावतात.

शेवटच्या दिवशीं तांडेलानें नौका मुद्दाम त्या बाजूनें घेतली. पाण्यावर एक हिरवा बोया तरंगत होता. यंत्र मंद करून त्यानें टोपी काढली, तेव्हां मुलांनींही काढल्या. पाण्यावर तेलाचा एक पातळ सप्तरंगी पदर पसरला होता. त्या जहाजांतून तेल अजूनही झिरपत असतें, असें त्यानें सांगितलें. मग नौका वळली आणि स्ट्रॉमनेसच्या दिशेस लागली.