स्पेनला जाताय? एक गुरुवार व्हॅलेन्सियासाठी राखून ठेवा!

'जिंदगी ना मिलेगी दोबारा' पाहिल्यापासून आपल्याकडे स्पेन म्हणजे टोमॅटिना. ते बुन्योल गाव व्हॅलेन्सिया प्रांतातलं. पण खुद्द व्हॅलेन्सिया शहरात गुरुवारी दुपारी १२ वाजता जे घडतं, ते पाहायला तिकीटही लागत नाही.

नेमकं काय घडतं?
कॅथेड्रलच्या दाराशी काळे डगले घातलेले ८ जण बसतात. हे पाण्याचं न्यायालय. तुरिया नदीच्या ८ पाटांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले हे प्रतिनिधी. कुणी पाळी मोडली, कुणी पाणी चोरलं, याचा निवाडा ते करतात. सगळं तोंडी, व्हॅलेन्सियन भाषेत, वकिलांशिवाय. ज्या पाटाची तक्रार, त्याचा प्रतिनिधी निकालात नसतो. निकाल मात्र बंधनकारक! २००९ मध्ये युनेस्कोनं या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारसा यादीत स्थान दिलं.

मग अडचण काय?
अनेकदा तक्रारच नसते. पाटांची नावं पुकारली जातात आणि काही मिनिटांत कामकाज संपतं. मोबाइल सरसावलेले पर्यटक हिरमुसतात. माझ्या मते, तक्रार नसणं हेच या व्यवस्थेचं यश आहे. खरा धोका वेगळा आहे. शहर वाढलं, भोवतीची 'हुएर्ता' शेती आक्रसली. ती वाचवायला २०१८ मध्ये कायदा करावा लागला. शेतीच उरली नाही, तर न्यायालयाचा नुसता देखावा राहील.

म्हणून फोटो काढून लगेच निघू नका. मेट्रोनं शेजारच्या अल्बोराया गावी जा. आपल्या नागरमोथ्याच्या कुळातल्या चुफा कंदांचं गार ओर्चाता प्या आणि शेतातले पाट वाहताना बघा.