शिर्डीचा प्रवासी नगरात का थांबत नाही?

शिर्डीला वर्षाचे बाराही महिने भाविकांची रीघ असते आणि त्यांतील मोठा वर्ग साईदर्शन आटोपून राहुरी-सोनईमार्गे शनिशिंगणापूर गाठतो. तेथून जिल्ह्याचे मुख्य ठिकाण सुमारे ४० किलोमीटरवर आहे. पुण्याकडे परतणाऱ्यास तर ते वाटेतच लागते. तरीही हा प्रवासी नगरात थांबतो तो चहापुरता. पाच शतकांहून अधिक वयाचे हे शहर, ज्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, त्याच्या लेखी एक बसस्थानक आणि वाहतुकीची कोंडी एवढेच असते. ज्या जिल्ह्यात देशभरातील माणूस स्वखर्चाने येऊन पोहोचतो, त्या जिल्ह्याच्या राजधानीला त्याच्या येण्याचा लाभ होऊ नये, हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने एक कोडेच म्हणावे लागेल.

नगरात पाहण्यासारखे काही नाही, असे या कोड्याचे उत्तर दिले जाते, आणि खेदाची गोष्ट अशी की ते बहुधा नगरकरच देतात. वस्तुस्थिती निराळी आहे. १४९० मध्ये मलिक अहमदने बहामनी फौजेचा भिंगारजवळ पराभव केला आणि तेथेच आपल्या राजधानीची पायाभरणी केली. त्याचा वंशज हुसेन निजामशहा याने जो किल्ला दगडात बांधून काढला, तो १५९५-९६ च्या वेढ्यात चांदबिबीने मोगलांविरुद्ध लढविला. १८०३ मध्ये तो वेलस्लीने घेतला. आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये याच किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद प्रभृती काँग्रेस नेत्यांना डांबण्यात आले. नेहरूंचा ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ येथे लिहिला गेला, आझादांचा ‘गुबार-ए-खातिर’ही येथलाच. किल्ल्याच्या जवळच दमडी मशीद आहे; आकाराने लहान, पण तिच्या दगडातील कोरीवकाम पाहणाऱ्याने घाई करू नये. शहाताहिराच्या प्रभावाखाली बुऱ्हाण निजामशहाने शिया पंथ स्वीकारल्याची साक्ष देणारा कोठला आहे. मलिक अहमदची काळ्या दगडातील कबर बागरोजात आहे. विजापूरला जाणारा प्रत्येक सहलकरी मलिक-ए-मैदान तोफेपुढे उभा राहून छायाचित्र काढतो. ती तोफ १५४९ मध्ये नगरात ओतली गेली, हे त्याला तेथेही कोणी सांगत नाही आणि येथेही नाही.

पुढच्या काळाकडे वळावे, तर १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक अमेरिकन मिशनऱ्यांनी याच शहरातून सुरू केले. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई यांच्या आयुष्याचा महत्त्वाचा काळ येथे गेला. १९१६ मध्ये लोकमान्यांवर ज्या व्याख्यानांवरून खटला भरण्यात आला, त्यांपैकी काही नगरातील होती. आणि या सर्वांच्या खाली, अक्षरशः जमिनीखाली, कापूरवाडीसारख्या गावांतून शहरात पाणी आणणारी निजामशाही काळातील खापरी नळांची योजना होती. दुष्काळी जिल्ह्यातील विद्यार्थ्याला पाणीवाटपाचे अर्थकारण शिकविण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

तेव्हा उणीव वास्तूंची नाही, ती सांगणाऱ्याची आहे. शहराच्या पूर्वेस डोंगरावर जी अष्टकोनी तिमजली इमारत दुरून दिसते, तिला सारा जिल्हा चांदबिबीचा महाल म्हणतो. वास्तविक ती मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. जिल्ह्यातील सर्वांत परिचित वास्तू चुकीच्या नावाने ओळखली जाते आणि त्याचे कोणास वैषम्य वाटत नाही. फराहबागेत गेलेल्यास ताजमहालाची कल्पना येथूनच सुचली असे ठासून सांगणारे भेटतात. पुरावा विचारला की संभाषण हवापाण्याकडे वळते.

या बाबतीत इटलीतील जिनोआ या बंदराचा अनुभव उद्बोधक आहे. नगरला समुद्र नाही, निजामशाहीचा समुद्र चौलला होता. परंतु दोन्ही शहरांचे दुखणे बरेचसे सारखे. व्यापारी प्रजासत्ताक म्हणून भूमध्य समुद्रावर गाजलेले जिनोआ विसाव्या शतकात पोलाद आणि जहाजबांधणीवर जगत होते. ते उद्योग खालावल्यावर शहरापुढे प्रश्न उभा राहिला. इटलीत येणारा प्रवासी फ्लॉरेन्स-व्हेनिसकडे निघून जाई. जिनोआने १९९२ च्या कोलंबस महोत्सवानिमित्त जुने बंदर लोकांसाठी खुले केले आणि पुढे आपल्या सरदारवाड्यांकडे लक्ष वळविले. १५७६ मध्ये तेथील सिनेटने या वाड्यांची यादीच केली होती. परराज्यांतून येणाऱ्या पाहुण्यांचा मुक्काम यादीतील वाड्यांत होई आणि आतिथ्याचा भार मालकावर पडे. त्यांपैकी ४२ वाडे २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. आज त्यांतील कित्येकांत बँका, कचेऱ्या आणि बिऱ्हाडे आहेत. तथापि वर्षातील ठरावीक दिवशी त्यांचे दरवाजे उघडतात, लोक अरुंद बोळांतून पायी हिंडतात आणि आतील चित्रे समजावून सांगतात ते कलेतिहासाचे तरुण पदवीधर. इटलीने २०२३ च्या कायद्याने मार्गदर्शकांसाठी राष्ट्रीय परीक्षा ठेवली. सांगणे हे तेथे कौशल्याचे काम मानले जाते, रिकामपणचा उद्योग नव्हे.

आपल्याकडे वारशाच्या नावाने पैसा मंजूर झाला की तो कारंजी, कमानी आणि रंगीत दिव्यांवर खर्च होतो, कारण त्याची निविदा निघू शकते. चार माणसांना नीट इतिहास शिकवून त्यांच्याकरवी प्रवासी हिंडविण्याची निविदा कशी काढणार? वस्तुतः भांडवलाचा विचार करता याहून स्वस्त उद्योग नाही. समजा, २० जणांचा गट, प्रत्येकी १०० रुपये, थंडीच्या चार महिन्यांत आठवड्यातून दोन फेऱ्या. एका मार्गदर्शकाच्या हाती ६५ ते ७० हजार रुपये येतील. रक्कम फार मोठी नव्हे. खरा लाभ पुढचा आहे. तीन तास चालून दमलेला माणूस जेवतो, कापडबाजारात शिरतो, आणि उरलेले सकाळी पाहू म्हणून रात्रीचा मुक्काम करतो. शिर्डीत एकवटलेल्या खर्चाचा काही अंश जिल्ह्यात पसरण्याचा हा मार्ग आहे.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने संरक्षित वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध ठरविले आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रणाखाली आणले. हेतू योग्यच. पण त्या वर्तुळात ज्याचे घर आहे त्याला वारशाचा अनुभव येतो तो केवळ नकाराच्या रूपाने. माडी चढवता येत नाही, दुकान वाढवता येत नाही, आणि दारासमोरच्या घुमटापासून मिळकत दमडीचीही नाही. अशा माणसाकडून त्या घुमटाबद्दल प्रेमाची अपेक्षा करणे हा शहाजोगपणा झाला. त्याच्या ओट्यावरून आठवड्याला चाळीस पाहुणे गेले आणि त्याचा मुलगाच त्यांना माहिती सांगू लागला, तर तो हिशेब बदलतो.

पर्यटनाने शहरे बिघडतात हा आक्षेप खोटा नाही. २०२४ मध्ये व्हेनिसने दिवसापुरत्या येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क बसविले, मार्गदर्शकाबरोबरच्या गटांस २५ ची मर्यादा घातली आणि ध्वनिवर्धकांना बंदी केली. परंतु अजीर्णाचे पथ्य उपाशी माणसाला सांगण्यात अर्थ नसतो. याहून नाजूक आक्षेप नगरच्या बदललेल्या नावाच्या आडून येतो: आता निजामशाहीच्या खुणा कशाला दाखवायच्या? चौंडी ही अहिल्याबाईंची जन्मभूमी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे; त्यांच्या जन्माच्या त्रिशताब्दी वर्षात, मे २०२५ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाची बैठकही तेथे झाली. चौंडीला जाणाऱ्याने नगर पाहू नये असे त्यात कोठेही येत नाही. शिवाय निजामशाही मराठ्यांच्या इतिहासाबाहेरची आहे काय? मालोजी भोसले तिच्याच चाकरीत होते. शहाजी आणि शरीफजी ही नावे शहाशरीफ या पिरावरून ठेवल्याची परंपरा आहे, आणि त्या पिराचा दर्गा नगरात आहे. मलिक अहमदचे मूळ पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांच्या घराण्यात असल्याचे फेरिश्ता लिहितो, आणि हा इतिहासकार स्वतः नगरात वाढलेला. असा गुंता एखाद्या फलकावर चार ओळींत मावत नाही. तो समोर उभे राहून, प्रश्न झेलत सांगावा लागतो.

हे काम कोणी करावे? शहरात ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, महाविद्यालये आहेत, इतिहासाचे पदवीधर आहेत आणि त्यांतील बहुतेक स्पर्धापरीक्षांच्या रांगेत आहेत. संग्रहालयाने पाठ्यक्रम आखावा, महापालिकेने परीक्षा घेऊन बिल्ले द्यावेत, शिर्डी आणि शिंगणापूर येथे फेरीच्या वेळा लावाव्यात. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने त्याच्या आतील फेरीबाबत संरक्षण खात्याशी रीतसर बोलणी करावी लागतील आणि त्यास वेळ लागेल. तोवर दिल्ली दरवाजापासून किल्ल्याच्या खंदकापर्यंतची फेरी सुरू करण्यास कोणाच्याही परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.