चित्रं झकास, पण गोष्ट?

मंडळी, आमच्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये आपली माणसं आता पुष्कळ झाली, पण जपानी कुटुंबं त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. इथल्या वनातली चेरीची ४०० झाडं जपानी महिला मंडळानेच २००० साली भेट दिली. तेव्हा मुलांना जपानी मित्रमैत्रिणी मिळतात आणि पाठोपाठ घरात 'अ‍ॅनिमे' शिरतं. आमच्याकडेही शिरलं. मी त्याला 'कार्टून' म्हटलं की लेक चिडते. "बाबा, तू आधी बघ तरी, मग बोल!"

म्हणून या हिवाळ्यात आम्ही दोघांनी मिळून 'गिल्टी क्राउन' ही २०११-१२ सालची २२ भागांची मालिका पाहिली. पहिल्या दोन भागांतच मी गार झालो. २०३९ सालचं टोकियो, साथीने पोखरलेलं, आंतरराष्ट्रीय फौजेच्या ताब्यातलं. शू नावाच्या बुजऱ्या शाळकरी मुलाला एक शक्ती मिळते. समोरच्याच्या छातीत हात घालून तो त्याच्या मनातलं शस्त्र बाहेर काढतो. जसं मन तसं शस्त्र, कुणाची तलवार तर कुणाची कात्री. रंग, प्रकाश, सावानोचं संगीत, सगळं अव्वल.

पण अर्ध्यानंतर गाडी घसरते. वेढ्यात अडकलेल्या शाळेत शूची जिवाभावाची मैत्रीण मरते, आणि कालचा हा भित्रा मुलगा एकाएकी हुकूमशहा होतो. ज्याचं शस्त्र उपयोगाचं तो वरच्या वर्गात, बाकीचे खाली! इथे खरी गोष्ट होती. पण मालिका थांबतच नाही. मेलेला नेता परत काय येतो, नवे स्फोट काय होतात. बडा घर, पोकळ वासा!

दिग्दर्शक तेत्सुरो अराकी काही लेचापेचा माणूस नाही. 'डेथ नोट' (२००६) आणि 'अटॅक ऑन टायटन' (२०१३) त्याच्याच. पण त्या दोन्ही आधी छापून आलेल्या चित्रकथांवर बेतलेल्या होत्या. 'गिल्टी क्राउन'ची गोष्ट मात्र टीव्हीसाठीच नव्याने रचलेली. आम्हा इंजिनियर लोकांच्या भाषेत, नकाशा कच्चा असताना रंगकाम सुरू केलं.

हे मी लेकीला ऐटीत समजावून सांगितलं. ती म्हणाली, "ते असेल रे. पण खालच्या वर्गातल्या मुलांना काय वाटलं, ते नीट दाखवलंच नाही."

मी गप्प झालो. इथे साधारण बाराव्या वर्षी प्राथमिक शाळा संपताना मूल व्हीएमबीओ, हाव्हो की व्हीडब्ल्यूओला जाईल याचा सल्ला मिळतो. आपल्या घरांमधून व्हीडब्ल्यूओशिवाय दुसरं काही ऐकायची तयारी नसते. हिला हाव्हो मिळालं तेव्हा मी दोन दिवस शाळेवर चडफडत होतो. तिला काय वाटलं, हे मीसुद्धा विचारलं नव्हतं.

त्या रात्री विचारलं. तीन वर्षं उशिरा, पण विचारलं. ती बराच वेळ बोलली. काय, ते तिचं तिच्यापाशी राहू द्या.

असो. मालिका चित्रांसाठी जरूर बघा, मात्र थोराड मुलांबरोबरच, कारण मारामारी फार आहे. आणि बघून झाल्यावर लगेच उठू नका. भेटूच पुढच्या अंकात.