अडगळ कोणास म्हणावे?

कमानिया गेटपाशी रविवारी सायंकाळी आम्हां चार स्नेह्यांची बैठक जमते. “दिवसभर कचेरीत संगणकापुढे बसता, मग रात्री पुन्हा बंद पडलेल्या यंत्रांच्या भाषा कशाला चाळीत बसता?” असा सवाल तेथे परवा आम्हांस करण्यात आला. जे चालत नाही ते निरुपयोगी, हा प्रश्नकर्त्यांचा सिद्धांत. ते विद्वान आहेत, म्हणूनच उत्तर देणे अगत्याचे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘प्लॅन नाइन’ नावाची एक संगणक-प्रणाली निर्माण झाली. बाजारात ती कधीच रुजली नाही. परंतु तिच्याचसाठी केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ साली अक्षरांकनाची जी पद्धत रचली, ती यूटीएफ-८. महाजालावरील बहुतेक सारा मराठी मजकूर आज त्याच पद्धतीने, एकेका चिन्हामागे तीन बाइट खर्चून, प्रवास करतो. न चाललेल्या प्रणालीचे हे ऋण आमचे स्नेही रोज वापरतात आणि तिलाच अडगळ म्हणतात!

आता जे चालत होते त्याची कथा ऐका. आमच्या कपाटातील जुनी टिपणे एका काळी चलती असलेल्या फाँटमध्ये टंकलेली आहेत. देवनागरी अक्षरे त्यात रोमन चिन्हांच्या पोटी दडविलेली असत. आज तो फाँट नसेल तर पडद्यावर केवळ निरर्थक चिन्हे उमटतात. कोणत्या चिन्हामागे कोणते अक्षर होते हे जाणणारा, म्हणजे ‘मृत’ विद्येचा अभ्यासकच, ती वाचू शकतो. तोही नाहीसा झाला तर कागद असून नसल्यासारखे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक सिद्ध झाला. सुमारे २,७०० निर्वात नळ्या आणि ४० बिटांचे अवघे २,०४८ शब्द मावतील एवढी स्मृती! एवढ्या संसारात गणिते कशी उरकली, हे आजच्या किती पदवीधरांना ठाऊक आहे? उधळपट्टीची सवय जडलेल्यांनी ती काटकसर अवश्य अभ्यासावी.

नवे शिकू नये, असे आमचे म्हणणे नाही. पोट त्यावरच चालते. मात्र प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाने निदान एक जुने यंत्र, पुस्तिकांसह, चालू स्थितीत राखावे. भंगाराच्या लिलावात येणाऱ्या चार दिडक्यांनी कोणाची तिजोरी भरली आहे?

त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन १९३९ साली भरले नि संपले. त्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या या कमानीखाली आमची बैठक मात्र अजून भरते. अधिवेशन संपले, आता कमान पाडा, असे आमच्या स्नेह्यांनी अद्याप सुचविलेले नाही.